ईजीआर व्हॉल्व्ह बिघडला? ठाणे-नवी मुंबईत डिझेल गाडी चालवणाऱ्या नवख्यांसाठी

डिझेल गाडी नवी असो की सेकंड हँड, कधी ना कधी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, पिकअप पडतं आणि गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, "ईजीआर गेलाय, बदलावा लागेल." ईजीआर म्हणजे इंजिनाचा थोडा धूर पुन्हा आत घेणारा व्हॉल्व्ह. बऱ्याचदा तो गेलेला नसतो, काजळीने अडकलेला असतो. कधी तर तो ठणठणीत असतो आणि दोष शेजारच्या एखाद्या फाटक्या पाइपचा निघतो. नवा व्हॉल्व्ह अनेक गाड्यांना पाच आकडी रकमेत पडतो. म्हणून आधी तपासायचं, मग साफ करायचं आणि त्यानंतरच बदलायचं, हा क्रम सोडू नका. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्या माणसाला गॅरेजमध्ये काय विचारावं हेच माहीत नसतं. त्याच्यासाठी हे सगळं नीट मांडून लिहितो आहे.

हा व्हॉल्व्ह करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा भाग पुन्हा आत घ्यायचा, हे त्याचं काम. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण पक्कं आहे. सिलिंडरमध्ये तापमान फार चढलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. हे वायू फुप्फुसांना त्रास देतात, आणि ऊन पडलं की त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोनही बनतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो. तो ताज्या हवेत मिसळला की जळण थोडं थंड होतं आणि हे वायू कमी तयार होतात. किती धूर कधी आत घ्यायचा हे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो आणि व्हॉल्व्ह त्याप्रमाणे उघडतो, मिटतो. धूर आत जाण्याआधी थंड व्हावा म्हणून बहुतेक गाड्यांत एक ईजीआर कूलर असतो. त्यात इंजिनाचं कूलंट फिरतं. हा कूलर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

काही पेट्रोल गाड्यांतही हा व्हॉल्व्ह असतो, पण तिथे काजळी कमी असल्याने तो सहसा एवढा छळत नाही. पुढचं सगळं डिझेलबद्दल आहे.

आपल्या भागात तो लवकर का तुंबतो?

डिझेल गाडीत हा व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडा असतो तो हलक्या लोडवर, म्हणजे गाडी रांगत असताना. पूर्ण रेस दिली की तो मिटतो. आता संध्याकाळचा घोडबंदर रोड आठवा. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला. महापे-शीळफाटा रस्त्यावर तेच. इंजिन नीट तापत नाही, धूर थंड राहतो, व्हॉल्व्ह उघडा आणि काजळी आत येत राहते. त्यात इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ मिसळते आणि त्या मिश्रणाचा चिकट थर बसतो.

आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर आपली डिझेल गाडी मानपाड्याहून जांभळी नाक्याच्या बाजारापर्यंत आणि परत, एवढीच चालवायचे. गाडी जपून वापरतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण एवढ्याशा फेरीत डिझेल इंजिन धड गरमही होत नाही. त्यांचा व्हॉल्व्ह काढला तेव्हा बाहेरून चकचकीत होता. आतलं तोंड मात्र डांबर ओतल्यासारखं काळं, करंगळी जेमतेम जाईल एवढी जागा उरलेली. बोट फिरवलं की काळं, ओलसर काही तरी निघायचं, कपड्याने पुसलं तरी जायचं नाही. व्हॉल्व्हची मोटर चालू होती, दांडा हलायला बघत होता, पण काजळीने त्याला घट्ट धरलं होतं.

कुठे अडकलाय, त्यावर लक्षणं ठरतात

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ताज्या हवेच्या जागी धूर जात राहतो. गाडी आयडलिंगला थरथरते, सिग्नलला कधी बंदही पडते, चढावर दम तोडते, मागून काळा धूर निघतो आणि डिझेल जास्त खाते. ठाण्याहून मुंब्रा बायपासचा चढ चढताना पाचव्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून तिसऱ्यावर यावं लागतंय आणि तरी गाडी ओढत नाही, असं झालं तर इकडे लक्ष द्या.

बंद अडकला तर गंमत अशी की गाडी चालवायला फारसा फरक कळत नाही. दिवा लागतो, एवढंच. अनेकजण तो दिवा महिनोन् महिने तसाच ठेवतात. तसं करू नका, कारण त्या काळात तुमच्या मागच्या रिक्षात बसलेल्या माणसाच्या नाकात तो सगळा वायू जात असतो.

काही वेळा ईसीयू इंजिन वाचवायला ताकदच कमी करून टाकतो. गाडी ठरावीक रेसच्या पुढे जात नाही. याला लिंप मोड म्हणतात. अशा वेळी सायन-पनवेल हायवेच्या उजव्या लेनमध्ये राहू नका. इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं की बऱ्याचदा ताकद परत येते, पण दोष गेलेला नसतो.

दिवा लागला त्या दिवशी

पिवळा दिवा स्थिर आहे, कूलंटच्या तापमानाचा काटा जागेवर आहे, तेलाचा लाल दिवा नाही, गाडी विचित्र आवाज करत नाही, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल किंवा लाल दिवा असेल तर गाडी बाजूला घ्या आणि टो करूनच न्या.

गाडी वॉरंटीत असेल तर पुढचं वाचून स्वतः काही उघडू नका. सर्व्हिस सेंटरला नेऊन लक्षणं जॉब कार्डवर लिहून घ्या. "पिकअप नाही" एवढंच लिहू देऊ नका. "गरम इंजिनाला, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर दम तोडते, काळा धूर" असं सविस्तर लिहायला लावा.

स्कॅनर लावा, कोड लिहून घ्या

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर कुठे तरी, सोळा पिनांचं एक चौकोनी सॉकेट असतं. त्यात गॅरेजवाला स्कॅनर लावतो. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर घेऊन मोबाइलवर अ‍ॅपमध्येही तेच पाहता येतं. स्वस्त स्कॅनर सगळं दाखवत नाही, पण कोड वाचण्यापुरता पुरतो. स्वतःचा घेतलात तर वापरून झाल्यावर काढून ठेवा, उभ्या गाडीत तो बॅटरी खात राहतो.

कोड पुसण्याआधी फोटो काढा, हे सर्वांत महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणी स्कॅनर लावल्या लावल्या एरर डिलीट करून टाकतात आणि "आता बघा, गेला दिवा" म्हणतात. दिवा दोन-चार दिवसांनी परत येतो, पण पुरावा गेलेला असतो. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणीचा वेग, रेस आणि इंजिनाचं तापमानही साठवलेलं असतं. त्याचाही फोटो घ्या. दोष आयडलिंगला आला की हायवेवर, हे त्यावरून कळतं.

ईजीआरचे नेहमीचे कोड पी०४०० ते पी०४०६ या पट्ट्यात येतात. पी०४०१ म्हणजे धूर पुरेसा येत नाही: मार्ग काजळीने बुजलेला, कूलर तुंबलेला किंवा व्हॉल्व्ह बंद अडकलेला. पी०४०२ म्हणजे गरजेपेक्षा जास्त येतो, बहुधा उघडा अडकलेला. पी०४०४ म्हणजे सांगितलेल्या जागी व्हॉल्व्ह पोचत नाही. पी०४०३, पी०४०५ आणि पी०४०६ हे वीजजोडणीचे किंवा आतल्या सेन्सरचे कोड आहेत. यातला एखादा दिसला तर साफसफाईआधी वायर बघा. पावसाळ्यात सोसायटीतल्या उभ्या गाडीत उंदीर आश्रयाला येतात आणि नेमक्या याच पातळ वायरी कुरतडतात. खाडीलगतच्या दमट हवेत कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. नवा व्हॉल्व्ह घालूनही असा दोष जात नाही.

स्कॅनर चांगला असेल तर आणखी एक गोष्ट बघायला सांगा. ईसीयूने व्हॉल्व्हला किती उघडायला सांगितलं आणि तो प्रत्यक्षात किती उघडला, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. ते सोबत हलत असतील तर व्हॉल्व्ह बरा आहे. पहिला हलतो आणि दुसरा जागेवरच राहतो, तर तो अडकलाय. दोन मिनिटांची ही तपासणी न करता कुणी बदलायला सांगत असेल तर थांबा.

व्हॉल्व्हवर आळ घेण्याआधी

पिकअप पडणं आणि काळा धूर, ही लक्षणं बऱ्याच दोषांची एकसारखीच असतात. म्हणून आधी स्वस्त गोष्टी बघून घ्या.

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मेट्रोच्या कामांची आणि डंपरची धूळ खाल्लेला फिल्टर सर्व्हिसच्या तारखेआधीच तुंबतो. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बिलात बघा. टर्बोकडून (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारे रबरी पाइप हाताने चाचपा. खालच्या बाजूला चीर पडलेली असते, तिथे तेलाचा ओलावा दिसतो आणि रेस दिली की शिट्टीसारखा फुस्स आवाज येतो. एवढ्या एका पाइपमुळे ईजीआर बदलला गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तरी ईजीआरचा कोड येऊ शकतो, कारण बऱ्याच गाड्यांत ईसीयू हवेच्या मापावरूनच धुराचा अंदाज बांधतो. जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो. तिथे पेन्सिलीएवढा बारीक पाइप तडकला की व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि तो पाइप अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

बॅटरी मरगळलेली असेल तर तीही बघा. व्होल्टेज कमी पडलं की व्हॉल्व्हची मोटर मंदावते आणि खोटे कोड येतात.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत गेलात तर गॅरेजांची कमतरता नाही. डिझेलचं काम रोज करणारं आणि स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. जाताना कोडचे फोटो सोबत ठेवा. काकांसोबत मी गेलो होतो तेव्हाचं बोलणं साधारण असं झालं:

"काका, ईजीआर गेलाय. नवा टाकू, संध्याकाळी गाडी घेऊन जा."

"दादा, आधी खोलून बघू या. मोटर चालते का, दांडा हलतो का ते दाखवा. अडकला असेल तर साफ करून लावा, पॅकिंग नवं टाका. साफ करूनही कोड आला तर बदलू."

"साफ केला तर गॅरंटी नाही देणार."

"नका देऊ. लेबर किती ते आत्ता सांगा, आणि खोललेला भाग आम्हाला बघायचाय."

एवढं शांतपणे बोललं की बहुतेक मेकॅनिक नीट काम करतात. त्यांनाही कळतं की गिऱ्हाइकाला विषय माहीत आहे. एस्टिमेट लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल. नवा भाग बसवला तर जुना भाग आणि नव्याचा खोका मागून घ्या. बिल देत नाहीत, जुना भाग देत नाहीत, असं झालं आणि पैसे मोठे असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

साफसफाई कशी होते, कशी व्हायला हवी

हे काम घरी करायचं की नाही, ते व्हॉल्व्ह कुठे बसवलाय त्यावर ठरवा. काही इंजिनांत तो समोर, वरच, दोन-चार बोल्टांवर असतो. काहींत तो फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूला, कूलरसकट दडलेला असतो आणि कूलंट काढल्याशिवाय हात पोचत नाही. दुसऱ्या प्रकारातला असेल तर पाना हातात घेऊ नका. पहिल्या प्रकारातला असेल आणि हाताला सवय असेल तर असं करा.

गाडी रात्रभर उभी असू द्या. धुराचा पाइप गरम असताना हात भाजतो आणि गरम कूलंट अंगावर उडतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कपलर काढताना त्याची खाच दाबून मगच ओढा, जुनं प्लॅस्टिक पटकन तुटतं. बोल्ट उष्णतेने घट्ट बसलेले असतात. जोर लावण्याआधी गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. इथे तुटलेला एक बोल्ट संपूर्ण साफसफाईपेक्षा महाग पडतो.

व्हॉल्व्ह बाहेर आला की मोटरची बाजू वर आणि तोंडाची बाजू खाली धरा. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ईजीआरसाठी मिळणारा स्प्रे फक्त धुराच्या तोंडाकडे मारा. मोटर, सेन्सर आणि कपलर कोरडे राहिले पाहिजेत. आख्खा व्हॉल्व्ह डिझेलच्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने काजळी जाते, पण मोटरही जाते. थर मऊ झाला की नायलॉनच्या किंवा पितळेच्या ब्रशने घासा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. झडप जिथे टेकते त्या कडेवर ओरखडा पडला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मग खरोखरच नवा घ्यावा लागतो. हातमोजे आणि मास्क घाला, मोकळ्या जागी काम करा, जवळ विडी-सिगारेट नको. हा स्प्रे भडकन पेट घेतो.

फक्त व्हॉल्व्ह साफ करून थांबू नका. त्याच्या पुढचा पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) तोंड टॉर्च लावून बघा. तिथेही तेवढीच काजळी असेल तर तीही काढावी लागते. मात्र सुटे खपले इंजिनात पडू देऊ नका, आधी कपडा कोंबून मगच घासा, आणि शेवटी तो कपडा आठवणीने काढा. इंजिन चालू ठेवून हवेच्या पाइपातून स्प्रे मारणं डिझेलमध्ये मला धोक्याचं वाटतं. स्प्रे स्वतः जळतो आणि रेस अचानक चढू शकते. टाकीत ओतायच्या बाटल्यांचाही इथे उपयोग नाही, कारण व्हॉल्व्हमधून डिझेल जातच नाही, धूर जातो.

बसवताना पॅकिंग नवं. जुनं पत्र्याचं पॅकिंग दाबून चपटं झालेलं असतं, त्यातून धूर गळतो. बोल्ट आलटून पालटून, कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळा. मग स्कॅनरवरून एरर पुसा आणि व्हॉल्व्हची उघड-मीट ईसीयूला नव्याने शिकवून घ्या. ही शेवटची पायरी बऱ्याच गॅरेजांत राहून जाते आणि साफ केलेल्या गाडीचं आयडलिंग वर-खाली होत राहतं. त्यानंतर पहाटे रस्ता मोकळा असताना ठाणे-बेलापूर रोडवर चक्कर मारून या आणि पुन्हा कोड बघा.

बदलायचाच असेल तर

मोटर जळलेली, सेन्सर मेलेला, दांडा वाकलेला किंवा झडपेची कड खराब झालेली असेल तर साफसफाईत पैसे घालवू नका. गाडीच्या चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या नियमांचे टप्पे) गाड्यांचे व्हॉल्व्ह वेगळे असू शकतात. कुर्ल्याच्या बाजारात काढलेला, वापरलेला व्हॉल्व्ह स्वस्तात मिळतो, पण तो कुणाच्या गाडीतून किती काजळी खाऊन आलाय ते कळायला मार्ग नाही. या भागासाठी मी सेकंड हँडची शिफारस करणार नाही.

"प्लेट मारून देतो" याला नाही म्हणा

कुणी तरी हमखास सुचवेल: एक लोखंडी पट्टी टाकून मार्ग कायमचा बंद करू, ईसीयू रिमॅप करू, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदलू, पुन्हा कटकट नाही. पिकअप वाढेल असंही सांगतील. पट्टी टाकली की नायट्रोजनची ऑक्साइड्स वाढतात. पीयूसीच्या केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, हे वायू मोजत नाहीत, त्यामुळे पीयूसी मिळून जाते. म्हणून लोकांना वाटतं की यात वावगं काही नाही. पण उत्सर्जनाची यंत्रणा काढून टाकणं हा गाडीत केलेला बेकायदा बदल आहे, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वॉरंटीही जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांत ईजीआर, काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि धूर साफ करणारी पुढची यंत्रणा एकमेकांच्या भरवशावर चालतात. त्यातलं एक बंद केलं की बाकीच्यांचा हिशेब बिघडतो.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तीन हात नाक्यावर सिग्नलला उभ्या शाळेच्या बसमध्ये आपलीच मुलं असतात. हजार-दोन हजारांची साफसफाई टाळण्यासाठी त्यांच्या श्वासात हे ओतायचं, हे मला पटत नाही.

पुन्हा तुंबू नये म्हणून

दुरुस्ती पुढे ढकलू नका. व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असताना जास्त काजळी तयार होते आणि ती डीपीएफमध्ये जाऊन बसते. डीपीएफचं बिल ईजीआरच्या कितीतरी पट असतं.

आठवड्यातून एकदा गाडीला मोकळा रस्ता दाखवा. नवी मुंबईकरांनी कळंबोलीवरून एक्सप्रेसवेला लागून खालापूरपर्यंत, ठाणेकरांनी नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत जाऊन यावं. वेगमर्यादेत राहूनच, पण इंजिन पूर्ण तापलेलं आणि रेस २,००० आरपीएमच्या थोडी वर, असं वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. याने बसलेला जुना थर निघत नाही, नवा बसण्याचा वेग मात्र कमी होतो. रोजचं चालवणं चार-पाच किलोमीटरचंच असेल आणि गाडी अजून घ्यायची असेल, तर डिझेल घेऊच नका.

इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला आणि वेळेवर बदला. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं तेल लागतं, कॅनवरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवून बघा.

शेवटी कूलर. महिन्यातून एकदा, सकाळी थंड इंजिनाला, कूलंटच्या डब्यावरची पातळी बघा. खाली जमिनीवर थेंब नाही, होज पाइप कोरडे आहेत, तरी पातळी उतरतेय आणि सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय, तर ईजीआर कूलर आतून फुटलेला असू शकतो. दोष हेड गॅस्केटचाही (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) असू शकतो, म्हणून मेकॅनिकला कूलरची प्रेशर टेस्ट आधी करायला सांगा आणि तोवर गाडी चालवू नका.